हजार फेऱ्यांची रिंग

खालपुऱ्यात नळ दर सहाव्या दिवशी येतो आणि नळ आला की डीपी उडते. गेलं वर्षभर हे इतक्या नेमानं चाललं होतं की त्या सकाळी मिक्सरचं काम आधी उरकायचं आणि मोबाईल आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवायचा, हे घरोघर ठरून गेलं होतं. शाळेजवळच्या खांबांवर बसवलेला तो ट्रान्सफॉर्मर सव्वासात-साडेसातला एकदा फाटकन वाजायचा, पंखे थांबायचे, आणि मग लाइनमन भागवत किन्हीराजाहून गाडीवर येऊन फ्यूजची तार बांधेपर्यंत सगळा खालपुरा ओट्यावर बसून एकाच बाईच्या नावानं बोटं मोडायचा. ती बाई म्हणजे साधना.

साधनाची पिठाची चक्की होती. दोन हॉर्सपॉवरची, बचत गटातून मिळालेली, घराच्या पडवीत बसवलेली. नळाच्या दिवशी पाणी भरल्याशिवाय कोणी बाई शेतात जात नाही, त्यामुळे गहू-ज्वारीचे डबे नेमके त्याच सकाळी तिच्या दारात रांगेनं लागायचे. डीपी उडायच्या घटकेला गावभर आवाज असायचा तो एकट्या तिच्या चक्कीचा. ज्याचा आवाज येतो तोच गुन्हेगार, असा सोपा न्याय गावानं करून टाकला.

तिनं सांगून पाहिलं. लग्नाआधी वाशिमच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेली बाई ती, एका चक्कीनं डीपी उडत नसते हे तिला कळत होतं. फाल्गुनात एका नळाच्या दिवशी तिनं मुद्दाम चक्की बंद ठेवली, आलेले डबे परत पाठवले. डीपी तरीही उडाली. त्यावर उपसरपंच जगदेवभाऊ म्हणाले, "काल दिवसभर चालवली ना तिनं? तवाच तापली डीपी. तापलेली डीपी दुसऱ्या दिवशी उडते." एवढ्या मोठ्या शोधापुढे आयटीआयचं सर्टिफिकेट काय करणार?

मार्चच्या मध्यावर जगदेवभाऊंनी घरी निरोप धाडला. एक मेच्या ग्रामसभेत ठराव येणार होता, की चक्की खालपुऱ्यातून हलवावी. हलवावी म्हणजे कुठं? दुसरी जागा नव्हती. हलवणं म्हणजे बंद करणंच. नवरा हरीओम म्हणाला, "जाऊ दे, नसती कटकट." त्याला ते म्हणणं सोपं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत फक्त तिची म्हणता येईल अशी ती एकच वस्तू होती. पहाटे पट्टा चढवून चक्की सुरू केली की पिठाच्या त्या गरम वासात तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. ते तिला सोडायचं नव्हतं.

म्हणून तिनं ठरवलं, तोंडानं बोलायचं नाही, मोजून दाखवायचं. कोणत्या घरात कोणत्या मिनिटाला किती वीज ओढली जाते हे लिहून ठेवणारे छोटे बोर्ड तिनं मोबाईलवरून मागवले. ते आठवड्यात आले. अडलं ते सेन्सरपाशी. सेन्सर म्हणजे एक छोटी रिंग. घरात येणारी वायर त्या रिंगेतून ओवायची, की तांब्याला हात न लावता रिंगेला कळतं आतून किती करंट जातोय. हजार-पाचशे गोष्टी घरपोच देणाऱ्या जगात ही एवढीशी रिंग काही मिळेना. पहिलं पार्सल जऊळक्याच्या स्टेशनजवळच्या दुकानात येऊन पडलं. ते आणायला ती उन्हात गेली, आणि आतून निघाली कारखान्यातल्या जाड केबलची भलीमोठी रिंग. घरचा पंखा, फ्रिज, इस्त्री सगळं लावलं तरी आकडा जागचा हलेना. दुसऱ्या दुकानात माल संपला होता. तिसऱ्यानं कळवलं, कमीत कमी पाचशे घ्यावे लागतील. पाचशे सेन्सर घेऊन ती काय सगळ्या मालेगाव तालुक्याला लावणार होती?

असं हात टेकून बसण्याची वेळ आली असताना ती चक्कीचा कपॅसिटर बदलायला एसटीनं मेडशीला गेली. मेडशीत बसस्टँडमागे चांदभाईचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव चांदचं, गल्ल्यावर बसतो चांद, पण जळालेल्या मोटारीत नवी तार भरते ती आत बसलेली त्याची बायको हलिमा. हे पंचक्रोशीतल्या प्रत्येक विहिरीवरच्या माणसाला माहीत आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही. साधना तिला आपा म्हणायची.

"तोंड काहून उतरलं वं?" हलिमानं मान वर न करता विचारलं.

साधनानं मोबाईलवरचं चित्र दाखवलं. हलिमानं हात पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि चित्र जवळ-लांब करून पाहिलं.

"हे त रिंगीवर तार गुंडाळेल हाय."

"हजार फेरे लागतात, आपा. केसासारखी बारीक तार."

"मंग? आमी इथं दिवसभर काय करून राह्यलो?"

साधना तिच्याकडे बघतच राहिली. तीन आठवडे ती जगभरच्या दुकानांत शोधत होती आणि एसटीच्या एका तिकिटावर ही बाई बसली होती. दुकानाच्या कोपऱ्यात जळालेले इन्व्हर्टर आणि जुने स्टॅबिलायझर ढिगानं पडले होते. त्यांची पोटं फाडून दोघींनी लोखंडी रिंगा काढल्या, तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढ्या. घासून-पुसून बरोबर आठ निघाल्या. चांदभाई गल्ल्यावरून म्हणाला, "भंगारवाला परवा येऊन राह्यला, तुमचं नशीब."

फेरे मोजायची हलिमाची स्वतःची रीत होती. भिंतीला खिळ्यावर तसबीह, म्हणजे जपमाळ, टांगलेली होती, पण ती अल्लाच्या नावासाठी, धंद्याच्या मोजणीला नाही. कामासाठी तिच्यापुढे तुरीच्या दाण्यांची वाटी असायची. पन्नास फेरे झाले की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. वीस दाणे झाले की रिंग पुरी. आठ दिवसांत तिनं आठही रिंगा भरल्या. ग्रामसभा जवळ येत चालली होती, म्हणून एक करून तपासून बघू एवढाही धीर साधनाला नव्हता. आठही रिंगा रुमालात बांधून ती घरी आली आणि मेन स्विच बंद करून चक्कीच्या वायरीत पहिली रिंग ओवली.

चक्की सुरू केली. बोर्डावर आकडा आला शून्य.

तिनं बोर्ड बदलला, जोड तपासले, दुसरी रिंग लावली. शून्य. तिसरी, चौथी. चक्की घरघर चालली होती आणि रिंग म्हणत होती, इथं वीजच नाही. सासू गोजराबाई दारात उभी राहून बघत होती. "लोकायच्या घरी दाखवाले नेशील हेच?" ती म्हणाली, आणि साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की लाजेचं, तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती मेडशीला. हलिमानं एक रिंग घेतली, कापडी पट्टी सोडवली, तारेवरून अंगठा फिरवत अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. मग कपाळावर हात मारून हसायला लागली. तिचं हसणं थांबेचना, चांदभाई आत डोकावून गेला.

"अगं, मोटरीत एक कॉइल सीधी भरतात, दुसरी उलटी," ती म्हणाली. "तवाच मोटर फिरते. बावीस साल झाले, हाताले तेच मालूम हाय. पाचशे फेरे सीधे झाले की माह्या हातानं आपोआप रिंग पलटली. पाचशे सीधे, पाचशे उलटे. अर्ध्यानं कमावलं थे अर्ध्यानं खाल्लं."

"आठही?"

"आठही. मी काय एखादीवर मेहेरबानी करते?"

साधनानं बोटांवर दिवस मोजले. आठ रिंगा उकलायच्या, पुन्हा भरायच्या, आणि मधे नळाच्या जेमतेम दोन पाळ्या. हलिमा मात्र तोवर कानशीवर तार घासू लागली होती. वाइंडिंगवाले दोन कॉइलच्या मधे जोड ठेवतात. तो जोड सोडून दुसऱ्या अर्ध्याची टोकं अदलाबदल केली की उलटे फेरे सुलटे. एक फेराही उकलायची गरज नव्हती. तासाभरात आठही रिंगांचे जोड बदलले. दुकानातली इस्त्री लावून बघितली, बोर्डावर लगेच चार अँपिअरच्या वर आकडा उभा राहिला. साधनानं हलिमाचे हात हातात घेतले, वार्निशचे डाग पडलेले.

"नाटक नोको करू," हलिमा म्हणाली. "जे निघन थे मले येऊन सांगजो."

एक रिंग चक्कीवर, एक स्वतःच्या घरावर, उरलेल्या सहा बचत गटातल्या सहा घरांत. चक्कीचं मीटर वेगळं होतं आणि घराचं वेगळं, म्हणून त्यांना दोन लागल्या. बाया हौसेनं तयार झाल्या; फ्रिज जास्त खातो की कूलर, हे प्रत्येकीला जाणून घ्यायचं होतं. जगदेवभाऊंची बायको निताही तयार झाली, नवऱ्याला न विचारता. साधनानं सगळ्यांना एकच शब्द दिला. "तुमच्या घराचा कागद तुमच्याच हाती देईन. दुसऱ्या कोणाले दाखवणार नाई."

नळ आला, डीपी उडाली, भागवत आला आणि गेला. दुपारी साधनानं आठही बोर्डांतले आकडे मोबाईलवर उतरवून घेतले. चक्कीची रेघ सहा वाजता नवावर चढली होती आणि वीज जाईपर्यंत नवावरच होती. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते घरांच्या रेघांत. सात वाजेपर्यंत सगळ्या आपापल्या चालीनं चाललेल्या, आणि सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे नळाला पाणी आलं त्या मिनिटाला, सहाच्या सहा रेघा अडीचनं वर चढल्या. निताच्या घरची सगळ्यात आधी.

अडीच म्हणजे टुल्लू. नळाला लावून पाणी ओढायचा तो छोटा पंप. ग्रामपंचायतीनं टुल्लूवर बंदी घातल्याला तीन वर्षं झाली होती आणि खालपुऱ्यात कोणाकडेही टुल्लू नव्हती, हे सगळे शपथेवर सांगायचे. चार टुल्लू म्हणजे एक चक्की. सहा घरांत सहा, तर सगळ्या खालपुऱ्यात किती? साधनाला इतका आनंद झाला की ती पडवीतल्या पडवीत दोन चकरा मारून आली. मग तिनं आठवी रेघ उघडली, स्वतःच्या घरची. तीही सात वाजून दहा मिनिटांनी अडीचनं चढली होती.

ती न्हाणीमागे गेली. उपड्या घमेल्याखाली, पोत्यात गुंडाळलेली, टुल्लू होती.

गोजराबाई मागून आली आणि तिनं घमेलं पुन्हा जागेवर ठेवलं. "मेडशीच्या भावानं देली. दोन साल झाले." नळाच्या दिवशी साधना सहापासून चक्कीवर, पाणी भरायची सासू. चक्कीच्या घरघरीत टुल्लूचा आवाज कोणाला येणार? "म्हून मी चक्की चालू झाल्यावरच लावते," असंही ती म्हणाली, वर थोडा अभिमानही होता त्यात.

"आत्याबाई, लोक मले चोर म्हणून राह्यले."

"मंग काय मले म्हणावं? या वयात मी डोक्यावर पाण्याचे गुंड वाहू? अन् घरची इज्जत तू सभेत टांगशील?" गोजराबाईचा आवाज चढला. "माहं नाव काढलं त या घरातलं पाणी पिणार नाई मी."

साधनानं मनातल्या मनात हिशेब मांडला. सहा कागद दुसऱ्यांचे, त्यांना शब्द दिलेला. सातवा सासूचा. आणि चक्कीचा कागद एकटा काहीच सांगत नव्हता. सगळं हाती आलं होतं आणि त्यातलं काहीच वापरता येत नव्हतं. "नाई काढणार तुमचं नाव," ती शेवटी म्हणाली आणि आत गेली. मधे नळाची आणखी एक पाळी येऊन गेली. त्या सकाळी साधना चक्कीवर होती तरी तिला न्हाणीमागचा तो बारीक घूं घूं आवाज आता नीट ऐकू येत होता.

एक मेला सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. झेंडा झाला, हजेरीची नावं झाली, रस्त्याचं झालं, मग जगदेवभाऊंनी खिशातून ठराव काढला. बाया मागे कडुलिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. साधना उभी राहिली. तिनं चक्कीचा एकच कागद वर धरला आणि सांगितलं, की चक्की सकाळी सहाला सुरू झाली, डीपी सव्वासातला उडाली, सव्वा तासात चक्कीनं ओढलेली वीज एका रेघेनंही वाढलेली नाही. चक्कीनं उडवायची असती तर सहालाच उडाली असती.

"मंग उडवते कोण?" जगदेवभाऊंनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. पिशवीत छापून आणलेले सहा कागद होते, सभा संपली की जिच्या तिच्या हाती द्यायचे, आणि त्यातला एक विचारणाऱ्याच्याच घरचा होता. नुसता बाहेर काढायचा. तिनं पिशवीचा बंद घट्ट धरला. "थे मी सांगू शकत नाई, भाऊ."

सभा हसली. मागे बायांमधून गोजराबाई उठून चालू लागली तेव्हा साधनाला वाटलं, लाजेनं घरी चालली. जगदेवभाऊंनी ठराव वाचायला घेतला. भाषा मोठी होती, वाचायला वेळ लागत होता. ते 'सबब' या शब्दापर्यंत आले तेव्हा गोजराबाई परत आली. डोक्यावर घमेलं होतं. ती माणसांच्या मधून सरळ टेबलापर्यंत गेली, घमेलं उतरवलं आणि पोतं बाजूला केलं.

"हे पाय, जगदेवा. हे टुल्लू. माही हाय, दर नळाले मी लावते. साधनाले मालूम नव्हतं. मालूम झालं तवापासून ते माह्यापायी तोंड शिवून हाय, अन् तुमी सारे तिले हसून राह्यले." तिला दम लागला होता. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "एक टुल्लू म्हणजे चक्कीच्या पावभर, असं माही सून म्हणते. म्हणजे पाव चोर मी. बाकीचे कुठी हाय थे आता त्यायनं सांगावं."

साधना सासूजवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मागून निताचा आवाज आला.

"साधना, माहा कागद दे."

साधनानं तो तिच्या हातात दिला. जगदेवभाऊ म्हणाले, "तू बस ना वं." निता बसली नाही. "सात वाजून दहा मिनिटं," तिनं वाचलं. "अडीच."

"अडीच काय?"

"आपली टुल्लू. पलंगाखालची."

यावेळी सभा जी हसली ती वेगळी होती. जगदेवभाऊंचा चेहरा पडला, मग तेही कसंबसं हसले, कारण दुसरा मार्ग उरला नव्हता. उरलेल्या पाच जणींनी आपापले कागद मागून घेतले. मग ज्यांच्या घरी रिंगही नव्हती ते हात वर करू लागले. साधना मोजत गेली, चौतीस झाले. चौतीस टुल्लू म्हणजे साडेआठ चक्क्या, एकाच मिनिटाला सुरू होणाऱ्या. भागवत लाइनमन भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "हे आकडे अर्जासोबत लावले त मोठी डीपी मागता येईल. नुसतं तोंडी सांगून ऑफिसात कोणी ऐकत नाई." तोवर नळाचा वॉल्व एकेका गल्लीला पाळीनं उघडायचा, असं ठरलं. एका वेळी एकच गल्ली घेतली तर पाण्याला जोर राहतो, टुल्लूची गरजच पडत नाही. हे गावाला पूर्वी का सुचलं नाही, असा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही. जगदेवभाऊंनी ठरावाच्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

चार दिवसांनी नळ आला. साधनाच्या गल्लीची पाळी सातची होती. दारात डबे लागले होते, चक्की चालू होती, आणि ती एका डोळ्यानं पंख्याकडे बघत होती. सव्वासात झाले. साडेसात झाले. पावणेआठला तिसऱ्या गल्लीत कोणीतरी नळ आल्याची हाक दिली, आणि पंखा फिरतच होता. डबा धरून उभी असलेली निता म्हणाली, "आता बंद पाडतं का काय नजर लावून?" तेव्हा कुठं साधना हसली आणि पुढचा डबा ओतला. मेडशीला जायची गाडी दुपारची होती. हलिमाला सगळं सांगायचं होतं, आणि भागवतानं वरच्या पुऱ्यासाठी आणखी बारा रिंगा मागितल्या होत्या तेही.

आठच्या सुमारास गोजराबाई पाणी भरून आली. गुंड वाहून तिच्या खांद्याचं पोलकं भिजलं होतं. आज ती चक्कीच्या उंबऱ्यावरच बसली, जिथं ती कधी बसत नसे.

"माही रेघ दाखव," ती म्हणाली.

साधनानं हात पिठातून काढून पदराला पुसले आणि मोबाईल पुढे धरला. सात वाजून दहा मिनिटांपाशी तिनं बोट ठेवलं. तिथून रेघ तशीच पुढे गेली होती, न चढता. गोजराबाईनं डोळे बारीक करून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली.

"सरळ हाय ना?"

"सरळ हाय, आत्याबाई."

"मंग कागदावर काढून दे मले," गोजराबाई म्हणाली. "मेडशीले जाऊन राह्यली ना? टुल्लू वापस करजो अन् भावाले हे दाखवजो."